सोळा तासांचं अंतर

आमच्या घरात 'सोळा तास' हा आकडा दोन वर्षं नुसता पडून होता. कोणी तो मोठ्याने उच्चारत नव्हतं, पण आई रोज मनातल्या मनात त्याचा हिशेब करत होती, हे मला फार उशिरा कळलं.

दादा पंधरा वर्षांपासून अमेरिकेत आहे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँट गावात. बाबा गेले ते जानेवारीतल्या एका सोमवारी, दुपारी एक वाजता, इथे इंदूरला. तिकडे तेव्हा रविवारची रात्र होती, साडेअकरा वाजले होते. फोन मीच केला. दादा एवढंच म्हणाला, "निघतो." मंगळवारी सकाळपर्यंत आम्ही थांबलो. मग काका म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. नऊच्या सुमारास अग्नी मी दिला. दादा दारात उभा राहिला तो बुधवारी सकाळी पावणेनऊला. अस्थी गोळा करायला तो होता, ओंकारेश्वरला नर्मदेत त्यानेच सोडल्या. तेरावा करून तो परत गेला.

आई त्याला काहीच बोलली नाही. महिन्याभराने भाजी निवडताना मला म्हणाली, "सोळाच तास लागतात म्हणे. सोमवारी एकला फोन केलास, म्हणजे मंगळवारी पहाटे पाचला यायला हवा होता तो."

भेटायला आलेल्या कोणीतरी मोबाइलवर शोधून सांगितलं होतं, 'दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, सोळा तास.' आकडा चुकीचा नव्हता. आईची बेरीजही चुकीची नव्हती. तरी त्या दोन्हींतून निघालेलं उत्तर चूक होतं, आणि ते तिच्या मनात रुतून बसलं होतं. मी तेव्हा "तसं नसतं गं आई" म्हणून विषय सोडून दिला. सोडायला नको होता.

गेल्या मे महिन्यात भाच्याची मुंज ठरली, आणि चौऱ्याहत्तरीची आई पहिल्यांदाच अमेरिकेला निघाली. सोबत मी.

निघायच्या आधी आठवडाभर तिचा एकच प्रश्न होता, "पण आहे तरी किती लांब?" माझी आठवीतली लेक मदतीला आली. तिने पृथ्वीचा गोल घेतला, आजीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक दिल्लीवर धरलं आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ताणून धरलं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या कडेला, आपण उजवीकडे, म्हणून आईला वाटत होतं की विमान युरोपवरून सरळ पश्चिमेला जात असेल. दोरा मात्र दिल्लीहून जवळजवळ उत्तरेला निघाला, हिमालय ओलांडून सायबेरियात शिरला, आर्क्टिक समुद्रावरून गेला आणि अलास्कावरून खाली अमेरिकेत उतरला. "अगं बाई, हे तर डोक्यावरून जातंय!" आई म्हणाली.

तुमच्या घरी गोल असेल तर हा प्रयोग नक्की करून बघा. गोल नसेल तर संत्रं चालेल. पृथ्वी गोल आहे, पण नकाशा सपाट कागदावर काढायचा, म्हणून ध्रुवाकडचे प्रदेश ओढून-ताणून रुंद करावे लागतात. त्यामुळे नकाशावर जी रेघ सरळ दिसते ती गोलावर लांबची निघते, आणि नकाशावर जी कमानीसारखी वाकडी दिसते तीच जवळची असते. त्या दोऱ्याची लांबी पृथ्वीच्या मापाने मोजली तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर येतं सुमारे १२,३८० किलोमीटर. इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा मिळतो तो हाच, ताणलेल्या दोऱ्याचा.

पण विमान दोऱ्यावरून चालत नाही. पहिली अडचण माणसांची. कोणत्या देशाचं आकाश कोणाला खुलं आणि कोणाला बंद, हे राजकारण ठरवतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकी कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. अंतर तेच, रस्ता वेगळा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ती मला सगळ्यांत गमतीची वाटते. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. कधी कधी वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल लिहिला एस्पेरांतो या नव्याने घडवलेल्या भाषेत. ती वाचणारे थोडेच, त्यामुळे जगाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना तो वारा प्रत्यक्ष भेटला, तेव्हा कुठे त्याची चर्चा झाली.

या वाऱ्याचा हिशेब दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर फार सुंदर दिसतो. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर पडायचं सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून जायला सुरुवात केली. रस्ता झाला १५,३०० किलोमीटर, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! कारण अटलांटिककडून जाताना वारा समोरून अडवायचा, आणि पॅसिफिककडून जाताना तोच वारा पाठीमागून ढकलतो. लेकीने हे ऐकून विचारलं, "म्हणजे लांबचा रस्ता जवळचा?" अगदी तसंच. अर्थात वारा रोज सारखा नसतो, म्हणून त्याच विमानाला कधी पंधरा तास लागतात, कधी सोळा. 'सोळा तास' हा आकडा वेळापत्रकातला. विमान या दारापासून हललं की घड्याळ सुरू, त्या दाराला लागलं की बंद. माणसाचं घड्याळ मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

आमचं घड्याळ सुरू झालं बुधवारी दुपारी साडेतीनला, घराला कुलूप लावलं तेव्हा. बॅगेत बेसनाचे लाडू, गोडा मसाला आणि अर्थातच इंदुरी शेव. विमानतळाजवळ बिजासन टेकडी दिसली तसे आईने हात जोडले. साडेसहाचं विमान, आठ वाजता दिल्ली. इंदूर ते दिल्ली आकाशातून साडेसहाशे किलोमीटरच्या वर थोडं. पुढचं विमान पहाटे चारला. मधले आठ तास आम्ही दिल्लीच्या विमानतळावर काढले. आईसाठी आधीच चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती, त्यामुळे सुरक्षा तपासणी आणि पासपोर्टच्या रांगा सोप्या गेल्या. पण खुर्चीत बसून आठ तास काढणं सोपं नव्हतं. मध्यरात्री ती म्हणाली, "अजून आपण निघालोच नाही का?" मी घड्याळ पाहिलं. घर सोडून साडेआठ तास झाले होते आणि आम्ही अजून दिल्लीतच होतो. "हे आठ तास त्या सोळांतले का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही, पण काहीतरी मोजत होती.

विमान उडालं. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर छोटंसं विमान. आईने सिनेमा लावूच दिला नाही, नकाशाच बघत बसली. उंची दहा किलोमीटर, बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या खाली, एकूण अंतर साडेचौदा हजार किलोमीटरच्या आसपास. वेग कधी नऊशे, तर कधी हजाराच्या वर. वारा पाठीशी आला की आकडा वाढतो, हे एकदा तिला सांगितल्यावर ती वेग वाढला की मला कोपराने ढोसून दाखवायची. दर दोन तासांनी तिला उठवून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालवत नेत होते. इतका वेळ एका जागी बसलं की पायांत रक्त साकळायची भीती असते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी घट्ट मोजे, भरपूर पाणी आणि हे चालणं, तिन्ही बजावून सांगितलं होतं.

चीन झाला, मग रशियाचा पूर्वेचा कोपरा आला. नकाशावर मागादान हे नाव दिसलं आणि मला जून २०२३ ची बातमी आठवली. याच मार्गावरचं विमान इंजिनात बिघाड झाल्याने मागादानला उतरवलं होतं. दोनशेहून जास्त प्रवासी तिथे अडकले होते, आणि त्यांना पुढे न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं. आईला तेव्हा सांगितलं नाही. पण वेळापत्रकातल्या सोळा तासांखाली केवढा ओसाड मुलूख आणि केवढा समुद्र पसरलेला असतो, हे खिडकीतून बघताना समजत होतं.

उजाडलं होतं ते उडाल्यावर थोड्या वेळातच. मग पूर्वेकडे पळता पळता दिवस आखडला, समुद्रावर अंधार पडला, आणि चार-पाच तासांत पुन्हा उजाडायला लागलं. गुरुवारच्या दोन सकाळी! बरेच जण झोपले होते. आई जागी होती. पडद्यावर अजून अडीच तास बाकी दिसत होते. ती म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा मी पण नव्हते पोचले."

हे मला माहीत होतं, पण असं, तिच्या तोंडून, कधी ऐकलं नव्हतं. १९७८ साल. लग्न होऊन ती इंदूरला आलेली, माहेर पुण्याला. दुपारी तार आली. चारची बस मिळाली. सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नगर करत बस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुण्यात शिरली. "घरी गेले तर अंगण सारवून झालेलं होतं. आदल्या संध्याकाळीच उरकलं होतं सगळं. माझ्या आईने मला विचारलंसुद्धा नाही उशीर का झाला. तिला माहीत होतं, रस्ता केवढा आहे ते. ती आली होती ना एकदा माझ्या बाळंतपणाला त्याच रस्त्याने."

सहाशे किलोमीटरला सतरा तास. आता साडेचौदा हजारांना सोळा. मी काही बोलले नाही. तिनेच पुढे विचारलं, "त्याला किती तास लागले गं तेव्हा? खरे?"

मला नक्की सांगता आलं नाही. दोन वर्षांत मी त्याला विचारलंच नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो तेव्हा तिथे गुरुवारची सकाळ, साडेसात. दिल्ली सोडली तीही गुरुवारी पहाटे चारला. "म्हणजे साडेतीनच तासांत आलो?" आई हसत म्हणाली. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, थंडीत साडेतेरा. येताना मधली तारीखरेषा ओलांडून आपण तो गुरुवार पुन्हा जगतो. फुकट काही मिळत नाही म्हणा, परतीच्या वेळी तो वसूल होतो. सकाळी दहाला तिथून निघालं की सोळा तासांनी दिल्लीत उतरताना दुसऱ्या दिवसाचे दुपारचे अडीच वाजलेले असतात.

पासपोर्टची रांग, बॅगा, मग दादाच्या गाडीतून खाडीवरच्या लांबलचक सॅन मटेओ पुलावरून फ्रीमाँट. दारात वहिनीने आईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा इंदूरला रात्रीचे सव्वादहा झाले होते. घर ते घर पावणेएकतीस तास, आणि तेही महिनाभर आधी तिकीट काढून, सगळं सुरळीत होऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मुंजीची पाहुणेमंडळी यायच्या आधी, आईने दादाला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं. माझ्याकडून कागद-पेन घेतलं. "बाबांच्या वेळी तू निघालास कधी आणि पोचलास कधी, नीट सांग."

दादाने फोन काढला. त्या प्रवासाची तिकिटं त्याने अजून ठेवलेली होती. फोन आला रविवारी रात्री साडेअकराला. दिल्लीच्या थेट विमानात जागा नव्हती. रात्रभर शोधून जी सगळ्यांत लवकरची जागा मिळाली ती सोमवारी दुपारी चारची, आखातातून. त्याआधी घरात साडेसोळा तास. आखातापर्यंत सोळा तासांचं उड्डाण. तिथे तीन तास थांबणं. मुंबईपर्यंत तीन तास. मुंबईत पुन्हा तीन तास. इंदूरपर्यंत सव्वा तास. विमानतळावरून घर, एक तास. आईने खाली रेघ मारून बेरीज केली. पावणेचव्वेचाळीस तास. मग आकाशातले तास वेगळे मोजले, सव्वावीस. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ तो जमिनीवर होता, आणि तो वेळ कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो.

"मंगळवारी सकाळी नऊला कुठे होतास?" तिने विचारलं.

दादाने डोळे मिटून हिशेब केला. "उडून साडेतीन तास झाले होते. कॅनडाच्या उत्तरेला कुठेतरी. खाली सगळा बर्फ होता." मग म्हणाला, "मला वाटलं, हे सगळं सांगितलं तर सबब दिल्यासारखं होईल."

आईने तो कागद घडी घालून तिच्या पर्समध्ये ठेवला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल, नारळ सोलायचेत." एवढंच झालं. पण त्या दिवशी दादा पुन्हा पूर्वीसारखा तिच्याशी वाद घालू लागला, मिठावरून, औषधावरून. दोन वर्षांत घातला नव्हता.

आपण इंदूरकर, ग्वाल्हेरकर, बडोदेकर, बेळगावकर मंडळी तशी लांब राहायची सवय असलेलीच. १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेला निघालेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये आपला हा सगळा माळवा येतो. त्या काळी घराबाहेर पडलेला माणूस परत यायला दोन-अडीच वर्षं लागत, आणि तोवर घरच्यांना बातमीही नसे. तेव्हा कोणी तास मोजत नव्हतं. आता फोन क्षणात लागतो, म्हणून माणूसही तसाच यावा असं वाटायला लागतं. बातमी पोचायचा वेग आणि माणूस पोचायचा वेग यांत जे अंतर पडलंय, त्यातच गैरसमज शिरतात.

म्हणून माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातलं कोणी लांब असेल, किंवा तुम्हीच लांब असाल, तर 'घर ते घर' किती तास लागतात ते एकदा खरंखुरं मोजा. तिकीट तातडीने मिळायला लागणारा वेळ, मधले थांबे, पासपोर्टच्या रांगा, सगळं धरून. आणि तो आकडा आई-वडिलांना सांगा, नुसता विमानाचा नको. दोन्हीकडचे पासपोर्ट, व्हिसा यांच्या तारखा संपत नाहीत ना, ते वर्षातून एकदा बघा. ज्याला यायचंय त्याने शक्यतो दोन विमानांमध्ये तासाभराचाच वेळ असेल असं तिकीट घेऊ नये. घाईत तेच स्वस्त आणि लवकरचं दिसतं, पण पहिलं विमान थोडं रखडलं तर दुसरं चुकतं आणि अख्खा दिवस जातो.

अजून एक गोष्ट बोलायला जड आहे, पण आमच्याकडे ती आईनेच बोलून टाकली. परत यायच्या आदल्या रात्री आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाली, "माझ्या वेळी त्याच्यासाठी थांबू नका. जवळ असेल त्याने करायचं. लांब असेल त्याने सावकाश यायचं, धावत नाही. आणि आल्यावर कोणी त्याला उशीर का झाला म्हणून विचारायचं नाही." दादा उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "बरं."

इंदूरला परतल्यावर पहिल्याच रविवारी शेजारच्या काकू आल्या. पोहे-जिलबी झाली, अमेरिकेचे फोटो झाले. मग त्यांनी विचारलंच, "किती तास लागतात हो तिकडे जायला?"

आई क्षणभर थांबली. "विमानाला सोळा," ती म्हणाली, "माणसाला एकतीस. आणि तातडीने यायचं असलं तर चव्वेचाळीस."